सहा टर्मचा सिनेटर स्वतःच्याच पक्षात कसा हरतो?

नाशिकहून इथे अमेरिकेत शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: 'आपल्याकडे आमदाराचं तिकीट कापलं जातं ते वरून. अमेरिकेत पक्षाला तसं तिकीट कापता येत नाही म्हणतात. मग तीस-पस्तीस वर्षं सिनेटमध्ये बसलेला माणूस स्वतःच्याच पक्षातल्या माणसाकडून हरतो तो कसा? की अशी आव्हानं म्हणजे नुसती हौस असते? माझे वर्गमित्र एका आव्हानवीराच्या प्रचारात उतरलेत आणि मलाही बोलावतायत.'

बहुतेक वेळा हौसच असते. मी इंडियानात राहतो आणि मतदार याद्यांचं काम हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कुणाच्या दारावर जायचं, कुणाला फोन करायचा, कुणाच्या वाटेला जायचंच नाही, हे ठरवून देणारा माणूस म्हणा हवं तर. गेल्या वीसेक वर्षांत 'आता म्हातारा पडणार' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. म्हातारा सहसा पडत नाही.

आधी हिशेब. २००० ते २०२४ या काळात निवडून आलेला विद्यमान सिनेटर पक्षाच्या आतल्या लढतीत हरल्याचे प्रसंग सहा. २००२ मध्ये न्यू हॅम्पशरचे बॉब स्मिथ. २००६ मध्ये कनेटिकटचे जो लीबरमन. २०१० या एकाच वर्षात तिघे: युटाचे बॉब बेनेट, पेनसिल्व्हेनियाचे अर्लन स्पेक्टर आणि अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की. आणि २०१२ मध्ये आमच्या इंडियानाचे रिचर्ड लूगर. (२०१७ मध्ये अलाबामात लूथर स्ट्रेंज हरले, पण ते राज्यपालांनी नेमलेले होते, म्हणून त्यांना यात धरत नाही.) सिनेटच्या शंभरपैकी साधारण तेहतीस जागा दर दोन वर्षांनी लागतात. तेव्हा या चोवीस वर्षांत शेकडो विद्यमान सिनेटर पुन्हा उभे राहिले, आणि त्यांतले सहा घरच्यांकडून हरले. त्या सहांतले दोघे तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत निवडून आले. त्याची गंमत पुढे सांगतो.

आता तिकिटाचं. महाराष्ट्रात एबी फॉर्म ज्याच्या हातात, उमेदवारी त्याच्या हातात. इथे तो कागदच नाही. पक्षाची वॉशिंग्टनमधली समिती सिनेटरला पैसा देईल, सल्लागार देईल, आव्हान देणाऱ्याला फोन करून 'जरा दमानं घ्या' म्हणेल. पण त्याचं नाव मतपत्रिकेवरून काढू शकत नाही. पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, म्हणजे प्रायमरी, सरकारी यंत्रणा घेते, सरकारी मतदान केंद्रांवर. विस्कॉन्सिनने १९०३ साली तसा कायदा केला आणि पुढे हळूहळू देशभर तेच झालं. नाव घालायला बहुतेक ठिकाणी मतदारांच्या सह्या लागतात. मॅसॅच्युसेट्समध्ये सिनेटसाठी १०,०००. आमच्याकडे ४,५००, त्याही काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, नऊच्या नऊ मतदारसंघांतून प्रत्येकी ५००.

सह्यांना कमी लेखू नका. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात आहेत. २०२४ मध्ये त्यांच्यासमोर पक्षातूनच माजी राज्य सिनेटर अ‍ॅडम हॉलियर उभे राहिले होते. हजार ग्राह्य सह्या लागतात. छाननीत तेवढ्या भरल्या नाहीत आणि मुख्य आव्हानवीराचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. कुस्ती लागण्याआधीच निकाल. आपल्याकडे अर्ज बाद होतो तेव्हा होते तशीच धावपळ इथेही झाली.

दार उघडं आहे ते असं. आत आलेला माणूस जिंकतो कधी, हे समजायला मी नेहमी एकाच वर्षाची, एकाच पिढीतल्या दोन माणसांची गोष्ट सांगतो.

१९७६ साली इंडियानातून रिचर्ड लूगर आणि युटातून ऑरिन हॅच पहिल्यांदा सिनेटवर निवडून आले. दोघेही रिपब्लिकन. दोघांनीही पाडलेले डेमोक्रॅट १९५८ साली निवडून आलेले आणि तीन-तीन टर्म झालेले होते: इथे व्हान्स हार्टकी, तिथे फ्रँक मॉस. अठरा वर्षं वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाला आता घरी बोलवा, हा हॅच यांचा त्या वेळचा मुख्य मुद्दा. त्यानंतर हे दोघे स्वतः छत्तीस वर्षं बसले. २०१२ मध्ये दोघेही सातव्या टर्मसाठी उभे होते, आणि दोघांनाही उजवीकडून, टी पार्टी या सरकारी खर्चाविरुद्धच्या कडव्या चळवळीच्या वाऱ्यावर आलेलं आव्हान होतं. लूगर पडले, हॅच तरले.

हॅच यांना जाग आली ती २०१० च्या मे महिन्यात, शेजारचं घर पेटलं तेव्हा. युटामध्ये तेव्हा पद्धत अशी होती की गावोगावच्या बैठकांतून, ज्यांना कॉकस म्हणतात, साडेतीन-चार हजार प्रतिनिधी निवडले जात आणि राज्य अधिवेशनात तेच उमेदवारांची चाळणी करत. तिथे बॉब बेनेट, तीन टर्मचे सिनेटर, तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. प्रायमरीपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. २००८ च्या बँक बचाव योजनेला त्यांनी मत दिलं होतं हा राग. पण त्या योजनेला हॅच यांचंही मत होतं, लूगर यांचंही. बेनेट यांच्या जागी आपण असतो तर आपणही गेलो असतो, हे हॅच यांना त्याच दिवशी कळलं असणार.

मग त्यांनी जे केलं ते सहकारी साखर कारखान्याचं पॅनल चालवणाऱ्या कुठल्याही माणसाला ओळखीचं वाटेल. मतदारांचं मन वळवत बसण्यापेक्षा मतदारच बदलायचे. राज्य पक्षाच्या माजी अध्यक्षाला प्रचारप्रमुख नेमलं आणि जवळपास दोन वर्षं एकच उद्योग: २०१२ च्या मार्चमधल्या कॉकसला आपली माणसं हजर राहतील आणि प्रतिनिधी म्हणून उभी राहतील हे बघणं. भाषणं नाहीत, मोठ्या सभा नाहीत. याद्या. शिक्षिका, छोटे दुकानदार, निवृत्त माणसं. ज्यांनी आयुष्यात कधी कॉकसचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांना एका गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये आणून बसवायचं. मॉर्मन चर्चनेही लोकांनी कॉकसला जावं असं आवाहन केलं आणि त्या संध्याकाळच्या आपल्या बैठका ठेवल्या नाहीत. गर्दी २०१० च्या दुपटीच्या आसपास गेली. अधिवेशनात हॅच यांना ५९ टक्क्यांच्या थोडी वर मतं पडली. ६० मिळाली असती तर प्रायमरीच टळली असती. ती थोडक्यात हुकली. जूनच्या प्रायमरीत मात्र डॅन लिल्जेनक्विस्ट यांना त्यांनी जवळजवळ दोनास एक या प्रमाणात हरवलं. दरम्यान त्यांची वॉशिंग्टनमधली भाषाही बरीच कडक झाली होती, हे सांगायलाच हवं. हीच माझी शेवटची टर्म, हेही सांगून टाकलं आणि तो शब्द पाळला.

आता लूगर. इंडियानापोलिसचे माजी महापौर, परराष्ट्र व्यवहार समितीचे दोनदा अध्यक्ष. सोव्हिएत संघ कोसळताना तिकडची अण्वस्त्रं सुरक्षितपणे मोडीत काढण्याचा नन-लूगर कार्यक्रम त्यांचा. भारतीय वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: भारताशी अणुसहकार्याची वाट मोकळी करणारं विधेयक २००६ च्या नोव्हेंबरमध्ये सिनेटमधून ८५ विरुद्ध १२ मतांनी पार झालं, तेव्हा समितीचे अध्यक्ष लूगर होते. त्याच महिन्यात ते सहाव्यांदा निवडून आले, ८७ टक्के मतांनी. डेमोक्रॅटांनी उमेदवारच दिला नव्हता. साधारण ११ लाख ७० हजार मतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, केवढा हा बालेकिल्ला! माझ्या धंद्यातला माणूस तो आकडा बघून कपाळाला हात लावतो. लढत नाही याचा अर्थ सहा वर्षं कुणी याद्या ताज्या केल्या नाहीत. गावोगावचे जुने कार्यकर्ते म्हातारे झाले, काही वारले, काही फ्लोरिडाला राहायला गेले आणि त्यांच्या जागी कोण आलं हे कार्यालयाला माहीत नाही. पैलवान आखाड्यात उतरलाच नाही तर त्याला वजन वाढल्याचं कळत नाही.

राज्याचे खजिनदार रिचर्ड मर्डॉक यांनी २०११ च्या फेब्रुवारीत शड्डू ठोकला तेव्हा राज्यातल्या ९२ काउंट्यांपैकी निम्म्याहून अधिक काउंट्यांचे पक्षाध्यक्ष त्यांच्या बाजूला होते. हे वाक्य पुन्हा वाचा. जवळपास पस्तीस वर्षं सिनेटर असलेल्या माणसाला न विचारता निम्म्याहून जास्त तालुकाध्यक्ष दुसऱ्याच्या मांडवात बसलेले. निकाल पंधरा महिन्यांनी लागला, पण मला विचाराल तर सामना तिथेच गेला होता. आणि तिथून पुढे पंधरा महिने हातात होते, हेही खरं. हॅच यांनी त्याच काळात काय केलं ते वर सांगितलंच.

लूगर यांनी मात्र आपला स्वभाव सोडला नाही. २०१० मध्येच ओबामांनी सुचवलेल्या एलेना केगन यांना सर्वोच्च न्यायालयासाठी मत दिलं होतं, रशियाबरोबरच्या नव्या अण्वस्त्र कराराच्या मंजुरीसाठी पुढाकार घेतला होता. मला माणूस म्हणून याचं कौतुक आहे. पण प्रायमरीच्या मतदाराला तुम्ही सतत न आवडणारी मतं देणार असाल तर निदान त्याच्या दारात उभं राहून ती का दिली हे सांगायला हवं. आणि इथेच घराचा प्रश्न आला.

घर म्हणजे अक्षरशः घर. लूगर यांनी इंडियानापोलिसमधलं आपलं घर १९७७ मध्ये विकलं होतं आणि कुटुंब वॉशिंग्टनजवळ राहायला गेलं. मतदार यादीत मात्र पत्ता त्याच विकलेल्या घराचा, पस्तीस वर्षं. राज्यात आले की हॉटेलात उतरत. कायद्याने यात वावगं नाही, असं मत राज्याच्या ॲटर्नी जनरलांनी पूर्वी दिलेलं होतं, आणि निवडणूक आयोगाने उमेदवारी वैध ठरवली. पण २०१२ च्या मार्चमध्ये मॅरियन काउंटीच्या निवडणूक मंडळाने सांगितलं की त्या पत्त्यावर त्यांना मतदान करता येणार नाही. मग त्यांनी घरच्या शेतीचा पत्ता लावला. मतदान मे महिन्यात. दोन महिने आधी सिनेटरच्या स्वतःच्याच मताचा प्रश्न.

त्या वसंत ऋतूत मी इंडियानापोलिसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत याद्या घेऊन फिरत होतो. कुणासाठी ते राहू द्या. अण्वस्त्र कराराबद्दल एकाही दारावर कुणी बोललं नाही. 'ते राहतात कुठे हो?' हे मात्र पाच-सहा जणांनी विचारलं. एक आजीबाई म्हणाल्या, माणूस चांगला आहे, पण पाहुणा झालाय. त्या आजीबाईंनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते मोठमोठ्या विश्लेषकांना दोन पानांत जमलं नाही.

८ मे २०१२ ला लूगर साठ-चाळीसने हरले. आकडे महत्त्वाचे आहेत म्हणून देतो: मर्डॉक यांना ४ लाख, लूगर यांना २ लाख ६१ हजार. एकूण ६ लाख ६० हजारांच्या आसपास. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच जागेसाठी पंचवीस लाखांवर मतदान झालं. थोडक्यात, नोव्हेंबरला येणाऱ्या दर चार मतदारांमागे मे महिन्यात एकच आला. लूगर यांना आवडणारे लोक कमी झाले नव्हते. ते मे महिन्यात घरी होते.

इथे माझी एक जुनी चूक कबूल करतो. माझ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका लहानशा प्रायमरीत मी आमच्या उमेदवाराला नोव्हेंबरच्या मतदारांची यादी काढून दिली. पाच आठवडे पोरं दारोदार हिंडली. लोक इतके गोड बोलले, दोघा-तिघांनी लिंबू सरबतसुद्धा पाजलं. 'हो हो, तुम्हालाच' म्हणाले. मतदानाच्या दिवशी त्यांतले बहुतेक फिरकलेच नाहीत. प्रायमरी असते हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं. आम्ही हरलो, आणि उमेदवाराच्या बायकोने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून पहिला प्रश्न एकच: मागच्या दोन-तीन प्रायमऱ्यांना हा माणूस आला होता का? मतदारांच्या फाइलीत तुम्ही कुणाला मत दिलंत हे नसतं. कुठल्या निवडणुकीला आलात हे असतं, आणि आमच्यासारख्या राज्यात कुठल्या पक्षाची मतपत्रिका मागितलीत हेही असतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आव्हानवीर सिनेटरला हरवत नाही. मतदानाला कोण येणार हे आपल्याला माहीत आहे, असं सिनेटर गृहीत धरतो आणि तिथे त्याचा पाय घसरतो. आधी सावध झालेला सिनेटर क्वचितच पडतो.

याचा सर्वांत नाट्यमय पुरावा मिसिसिपीचा. थॅड कॉक्रन १९७८ पासूनचे सिनेटर. २०१४ च्या ३ जूनला ख्रिस मॅकडॅनियल यांना ४९.५ टक्के, कॉक्रन यांना ४९. पन्नास कुणालाच नाही, म्हणून तीन आठवड्यांनी फेरमतदान. जाणकारांचा ठोकताळा असा की फेरीत मतदान कमी होतं, कट्टर लोकच येतात आणि पहिल्या फेरीत मागे पडलेला विद्यमान माणूस मरतो. कॉक्रन यांच्या लोकांनी उलटा डाव टाकला. तिथे पक्षनोंदणी नाही. डेमोक्रॅटिक प्रायमरीत ज्याने मत दिलं नाही, त्याला रिपब्लिकन फेरीत येता येतं. ते थेट कृष्णवर्णीय वस्त्यांत गेले, जिथे रिपब्लिकन प्रायमरी ही कुणाची तरी दुसऱ्याची भानगड मानली जायची. सांगितलं काय, तर कॅटरीना वादळानंतर केंद्राचा पैसा कुणी आणला, शाळा-रुग्णालयांचा निधी कोण आणतं, आणि समोरचा आला तर काय होईल. (कॅटरीनाच्या मदतीला मत दिलं असतं का, या प्रश्नाला मॅकडॅनियल यांनी सरळ उत्तर दिलं नव्हतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या राज्यात!) मतदान घटण्याऐवजी साठ-पासष्ट हजारांनी वाढलं. कॉक्रन ७,६६७ मतांनी जिंकले. मॅकडॅनियल यांनी हार मानली नाही, कोर्टात गेले, तिथेही काही झालं नाही.

तेव्हा आपल्या मित्रांना पहिल्यांदा विचारा: तुमच्या राज्यात प्रायमरीत मत कुणाला देता येतं? कनेटिकटमध्ये फक्त पक्षाचे नोंदणीकृत मतदार. इंडियाना, मिसिसिपीत नोंदणीच नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये अपक्ष मतदार कुठलीही एक मतपत्रिका मागू शकतो. अलास्कात २०२२ पासून सगळे पक्ष एकाच प्रायमरीत, पहिले चार पुढे. २०२१ च्या महाभियोगात ट्रम्प यांना दोषी ठरवणारं मत दिल्यामुळे राज्यातल्या पक्षाने लिसा मर्कोव्स्की यांचा निषेध ठराव केला होता. जुन्या पद्धतीत त्या बहुधा गेल्या असत्या, नव्या पद्धतीत पुन्हा निवडून आल्या. लुइझियानाने नेमकं उलटं केलं: २०२४ मध्ये कायदा बदलून २०२६ पासून सिनेटसाठी पक्षाची बंद प्रायमरी आणली. तिथले सिनेटर बिल कॅसिडी यांनीही ट्रम्प यांच्याविरुद्ध तेच मत दिलं होतं. नियम बदलणाऱ्यांच्या मनात काय होतं हे मी सांगायची गरज नाही.

मतपत्रिकेची मांडणीसुद्धा माणूस पाडते. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास आपली कितीतरी मराठी मंडळी राहतात, २१ पैकी १९ काउंट्यांत पक्षाने मान्यता दिलेल्या सगळ्या उमेदवारांची नावं राष्ट्राध्यक्षापासून नगरसेवकापर्यंत एका सलग रांगेत छापत आणि बाकीच्यांना कुठेतरी कोपऱ्यात. याला तिथे 'लाइन' म्हणत. सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये भ्रष्टाचाराचा खटला उभा राहिला. दुसऱ्याच दिवशी काँग्रेस सदस्य अँडी किम यांनी उमेदवारी जाहीर केली, मग राज्यपालांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या आणि एकेक काउंटी अध्यक्ष 'लाइन' त्यांच्या पदरात टाकू लागला. किम यांनी सरळ त्या मांडणीलाच कोर्टात आव्हान दिलं. मर्फी यांनी माघार घेतली, पाठोपाठ मार्च २०२४ अखेर न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती मांडणी थांबवली. मेनेंडेझ पक्षाच्या प्रायमरीत उतरलेच नाहीत. एबी फॉर्म नसतो असं मी वर म्हटलं खरं. न्यू जर्सीत तो छापखान्यात दडलेला होता.

आता प्रायमरी हरूनही नोव्हेंबरमध्ये निवडून आलेल्या त्या दोघांची गंमत. लीबरमन २००६ च्या ऑगस्टमध्ये इराक युद्धाच्या प्रश्नावर नेड लमॉन्ट यांच्याकडून ५२-४८ ने हरले. सहाच वर्षांपूर्वी ते पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. आपल्याकडे तिकीट कापलेला माणूस अपक्ष अर्ज भरतो, तसंच त्यांनी केलं आणि पक्षाचं नावच ठेवलं 'कनेटिकट फॉर लीबरमन'. रिपब्लिकन उमेदवार अगदीच दुबळा होता, त्याला दहा टक्केही मिळाले नाहीत. त्या पक्षाची मतं लीबरमन यांच्याकडे गेली आणि ते दहा टक्क्यांनी निवडून आले. पण ही पळवाट सगळीकडे नाही. बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत पुन्हा छापील मतपत्रिकेवर येता येत नाही. आमच्याकडे लूगर यांना तो दरवाजा बंद होता. मर्कोव्स्की २०१० मध्ये दोन हजारांच्या आसपास मतांनी जो मिलर यांच्याकडून हरल्या, तेव्हा त्यांनी मतदारांना आपलं नाव हाताने लिहायला लावलं. 'मर्कोव्स्की' हे आडनाव, स्पेलिंग चुकवायचं नाही! मनगटावर घालायच्या पट्ट्यांवर नाव छापून वाटलं. जिंकल्या. असं लिहून दिलेल्या नावाने सिनेटवर येणं १९५४ नंतर पहिल्यांदाच घडलं.

हरलेल्या आव्हानांमधलं एकच सांगतो, कारण ते तुमच्या वयाच्या मुलांना आवडतं. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जो केनेडी तिसरे यांनी एड मार्की यांना आव्हान दिलं. मार्की ७४ वर्षांचे, १९७६ पासून काँग्रेसमध्ये, २०१३ पासून सिनेटर. केनेडी ३९ वर्षांचे, आडनाव केनेडी, सुरुवातीच्या पाहण्यांत पुढे. कागदावर सगळं जुळलेलं. पण 'तुम्ही का उभे आहात?' या प्रश्नाला त्यांच्याकडे एका वाक्यात उत्तर नव्हतं. मतांमध्ये दोघांत फारसा फरक नाही, मार्की यांनी काही घोटाळा केलेला नाही, मग बदलायचं का? चाळीस वर्षांपूर्वी त्यांचे चुलत आजोबा टेड केनेडी राष्ट्राध्यक्षपदासाठी कार्टरविरुद्ध उतरले, तेव्हा टीव्हीवरच्या मुलाखतीत याच प्रश्नावर अडखळले होते. घराण्यात प्रश्न वारशाने येतात की काय कोण जाणे. उलट चौऱ्याहत्तर वर्षांचा मार्की हवामान बदलाच्या 'ग्रीन न्यू डील'चा अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांच्यासोबतचा जनक म्हणून कॉलेजच्या पोरांचा हिरो झाला. त्याचे जुने बूटसुद्धा इंटरनेटवर गाजले. मार्की ५५-४५ ने जिंकले. मॅसॅच्युसेट्समध्ये केनेडी घराण्यातला माणूस निवडणूक हरण्याची ती पहिलीच वेळ. वय हा मुद्दा असेल असं धरून बसलेल्यांना तो मुद्दा कधी निसटला तेही कळलं नाही.

आव्हान जिंकलं तरी पुढे काय, हाही हिशेब असतो. मर्डॉक यांनी ऑक्टोबरच्या वादसभेत बलात्कारातून राहिलेल्या गर्भाबद्दल, ती देवाचीच इच्छा अशा अर्थाचं बोलून ठेवलं, आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट जो डॉनली जिंकले. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन रॉम्नी यांना दहा टक्क्यांची आघाडी दिली होती. लूगर असते तर जागा पडली नसती, हे इथला कुठलाही डेमोक्रॅट खाजगीत कबूल करतो. युटात माइक ली मात्र बेनेट यांच्या जागी आरामात बसले. राज्यच तसं आहे.

तुम्ही जायचं की नाही? तुम्ही विद्यार्थी व्हिसावर आहात हे लक्षात ठेवा. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करणं, दारोदार जाणं चालतं. पैसे देणं अजिबात चालत नाही, वीस डॉलरही नाही. त्यासाठी निदान ग्रीन कार्ड लागतं. टी-शर्ट विकत घेतला तर तीही देणगीच धरली जाते, हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं. आणि मोटार वाहन कार्यालयात कुणी मतदार नोंदणीचा कागद पुढे केला तर नम्रपणे परत द्या, चुकूनही सही करू नका. त्यापायी लोकांचे व्हिसे गेलेत.

हे सांभाळून जाणार असाल तर पहिल्या शनिवारी प्रचार कार्यालयात तीन गोष्टी विचारा. जिंकायला किती मतं लागतील, आकडा सांगा. मागच्या दोन प्रायमऱ्यांना आलेल्यांपैकी किती जणांशी आजवर बोलून झालं. आणि तुमचा उमेदवार का उभा आहे, हे तिथला कॉफी करणारा पोरगा एका वाक्यात सांगू शकतो का. तिन्हींची उत्तरं मिळाली तर जोडे चांगले घालून जा, चालायचं बरंच असतं. 'सोशल मीडियावर आपली हवा आहे' असं उत्तर आलं तर पिझ्झा खा आणि घरी या.